बाणातला ण

माझ्या मुलीला 'ण' म्हणता येत नाही. तिचा जन्म लंडनमधल्या हॅरोचा, शाळा हॅरोची, मैत्रिणी हॅरोच्या. मराठी फक्त घरातली. तिच्या तोंडी पाण्याचं 'पानी' होतं आणि लोण्याचं 'लोनी'. त्यात फारसं काही बिघडलंय असं मला कधी वाटलं नाही, पण माझ्या आईला वाटायचं. आई नाशिकला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरं शिकवली आणि सख्ख्या नातीला एक अक्षर येऊ नये, हे तिला मानवत नव्हतं.

"नळातला न नव्हे गं, बाणातला ण. जीभ मागे वळव, टाळूला टेकव आणि सोड. बाण सोडतात तशी."

नात जीभ वळवायची, त्याबरोबर डोळेही वळवायची, आणि बाण सोडला की नळच गळायचा.

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मुलगी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत होती आणि ए-लेव्हलच्या परीक्षेला तिने एक विषय प्राचीन ग्रीक आणि रोमन जगाचा घेतला होता. आमच्या ओळखीतली बाकी मुलं मॅथ्स आणि केमिस्ट्रीत होती. याचं पुढे काय होणार, असं मी तिला एकदा विचारलं. मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करतो. बेरजेखाली काहीतरी उत्तर यावं अशी माझी अपेक्षा असते. ती म्हणाली, बाबा, सगळ्याच गोष्टींच्या खाली दोन रेघा मारता येत नाहीत. हे ती इंग्रजीत म्हणाली, त्यामुळे त्यात उच्चाराची चूक काढायची सोय नव्हती.

तिला एका ग्रीक महाकाव्यावर निबंध लिहायचा होता. त्यातली नावं मी इथे देत नाही. ती मला तेव्हाही नीट म्हणता येत नव्हती. गोष्ट पक्की डोक्यात बसावी म्हणून ती रविवारी दुपारी आजीला सांगायची. वेम्बलीहून आणलेली मेथी टेबलावर पसरलेली असायची, आई निवडत असायची, आणि मी बिलांचे कागद घेऊन तिथेच बसलेला असायचो. म्हणजे गोष्ट मीही ऐकली.

एक राजा युद्धाला जातो. युद्ध दहा वर्षं चालतं. परतीच्या वाटेवर त्याची आणखी दहा वर्षं जातात. घरी राणी आणि तान्हा मुलगा. मुलगा मोठा होतो. राजा मेला असं धरून शंभरावर माणसं राणीला मागणी घालायला येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.

"ते रोज तिथेच जेवतात, आजी."

"शंभर माणसांचा स्वयंपाक कोण करतं?"

मुलीने पुस्तक चाळलं. नोकर-दासी आहेत म्हणाली.

"असणारच. पुढे सांग."

राणी सांगते की सासऱ्यासाठी एक वस्त्र विणायला घेतलंय, ते झालं की लग्नाचं ठरवीन. दिवसा विणते आणि रात्री उसवते. आईने मान हलवली. मग राजा भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो. त्याला कुणी ओळखत नाही.

"पन त्याचा म्हातारा कुत्रा ओळखते. दारात पडलेला असते. शेपटी हलवते आणि मरते."

एरवी आईने 'ओळखतो, हलवतो, मरतो' असं तिला तीनदा म्हणायला लावलं असतं. त्या दिवशी तिने हातातली जुडी खाली ठेवली. "त्याला खूण नाही लागली," एवढंच म्हणाली.

पुढे त्याची म्हातारी दाई पाय धुताना मांडीवरच्या जुन्या जखमेच्या वणावरून त्याला ओळखते. मग तो धनुष्य उचलतो आणि त्या सगळ्या माणसांना मारतो. मग राणी खाली येते, तरी ती त्याला लगेच नवरा म्हणत नाही.

"ती आधी खून मागते."

"खूण."

"तेच. खून."

"अगं, खून तर आत्ता झाले ना शंभर? आता ही आणखी मागतेय?"

दोघी इतक्या हसल्या की आईला चष्मा काढून पुसावा लागला. मग मुलीने खुणेचं सांगितलं. राजाने पलंग स्वतःच्या हाताने जिवंत झाडाच्या बुंध्यातून घडवलेला असतो, तो जागचा हलूच शकत नाही. हे त्या दोघांना आणि फार तर एका दासीला ठाऊक. राणी मुद्दाम म्हणते, याचा पलंग बाहेर काढून घाला. तो चिडतो: माझा पलंग कुणी हलवला? तेव्हा तिला खूण पटते.

"म्हणजे आधी खूण, मग खून, मग परत खूण," आईने शाळेतल्यासारखा सारांश काढला. "आणि त्या दासी? त्यांचं काय झालं?"

त्यातल्या काहीजणी त्या माणसांबरोबर राहिल्या होत्या. त्यांना फासावर चढवलं, असं मुलीने सांगितलं. निबंधाचा प्रश्न त्यावरच होता: हा सूड न्याय्य होता का?

आईने मेथी बाजूला सारली. मग तिने विचारलं, "आणि राजा दहा वर्षं वाटेत होता, तो एकटाच का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. पुढे ते पुस्तक मी ऑफिसला जाता-येता मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत वाचून काढलं, इंग्रजीत. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात स्वच्छ आहे. परतीच्या वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं तो एकाच बेटावर एकाच बाईपाशी होता. आणखी एक वर्ष आणखी एकीपाशी. वादळं आणि राक्षस यांच्या वाट्याला फार थोडा काळ येतो.

"नव्हता एकटा," मुलगी म्हणाली.

"मग त्याला कुठे टांगला?" आई म्हणाली आणि तिने मेथी परत पुढे ओढली.

हे विचारायचा आईला अधिकार होता. माझे वडील इंजिनियर होते. मी सहा वर्षांचा असताना ते नोकरीसाठी इंग्लंडला आले. एकदा सुट्टीवर घरी येऊन गेले. मग पत्रं पातळ होत गेली आणि एक दिवस बंद झाली. उत्तरेकडे कुठेतरी एका इंग्रज बाईबरोबर राहतात, असं ओळखीच्या कुणीतरी सांगितलं. आईने ना केस केली, ना मंगळसूत्र काढलं. रोज सकाळी कुंकू लावून शाळेत जायची. माझी एक काकू तिच्या तोंडावर म्हणायची, "वहिनींचं कुंकू एअरमेलचं." आई त्यावर बोलायची नाही. आणि वडिलांचा उल्लेख तिने कधी एकेरी केला नाही. रागाच्या वेळी 'ते' हा शब्द ती जास्तच सावकाश म्हणायची.

मी पुढे नोकरीने याच देशात आलो. वडिलांचा शोध घेतला नाही. मुलीने हे त्या दिवसांत मला ऐकवलं: बाबा, गोष्टीतला मुलगा बापाला शोधायला जातो. मी म्हटलं, त्याच्याकडे जहाज होतं. ती हसली नाही.

त्याच हिवाळ्यात ऑफिसमध्ये मला फोन आला. मेडनहेडजवळच्या एका केअर होममधली बाई बोलत होती. आमचं आडनाव तसं दुर्मिळ, फोनबुकात एकच सापडलं. घरी फोन केल्यावर माझ्या बायकोने ऑफिसचा नंबर दिला होता. होममधल्या बाईने वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं आणि विचारलं, हे तुमचे कुणी लागतात का?

ते गेली काही वर्षं मेडनहेडलाच होते. आमच्यापासून पंचवीस मैलांवर. ती इंग्रज बाई वर्षभरापूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे यांचं भान सुटत गेलं, आणि इंग्रजी सगळ्यात आधी गेली. आता ते जे बोलत ते तिथे कुणालाच कळत नव्हतं.

"ते दिवसभर कोनला हाक मारतात," फोनवरची बाई म्हणाली. "कोन म्हणजे त्यांची मुलगी का? की पहिली बायको? कोन आली तर त्यांना बरं वाटेल असं आम्हाला वाटतं."

मी तिला सांगितलं की हे कुणाचं नाव नाही. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'हू' असा होतो. ते हाक मारत नाहीयेत, विचारतायत. ती हळूच "ओ, लव्ह" म्हणाली. ते मला उद्देशून होतं की त्यांना, कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. लपवून ठेवावं का, असा विचार बायकोने बोलून दाखवला होता. पण ज्याची वाट पाहिली तो माणूस आईचा, तेव्हा बातमीही तिचीच. आईने पहिला प्रश्न विचारला तो त्या बाईबद्दल. ती शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती का? होती, मी म्हटलं. दुसरा प्रश्न, ते काय खातात. मग उठून तिने देवापुढची विझत आलेली वात पुढे सारली.

मधे दोन दिवस गेले. शनिवारी सकाळी नेसून तयार होऊन खाली आली. जाड कोट हातात.

"मला घेऊन चल."

मी म्हटलं, आई, ते ओळखतील असं नाही.

"ऐक. मला त्यांना एक वाक्य ऐकवायचंय. इतकी वर्षं मी ते घासूनपुसून ठेवलंय. एकच वाक्य आहे, मोठं नाही. पण त्यांनी मला आधी ओळखलं पाहिजे. न ओळखणाऱ्या माणसाला ऐकवून काय उपयोग? ते भिंतीला ऐकवल्यासारखं होईल."

"आणि नाही ओळखलं तर?"

"आमची एक खूण आहे. ती पटली की झालं."

कसली खूण, ते तिने सांगितलं नाही. जिन्यात उभी असलेली मुलगी हे ऐकत होती. तिनेही काही विचारलं नाही, फक्त बूट घातले आणि आमच्याबरोबर गाडीत येऊन बसली. वाटेत एम फोर हायवेवर पाऊस लागला. वायपरच्या आवाजात आई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. पाठ केलेलं विसरायला नको म्हणून परीक्षेला निघालेली मुलं म्हणतात, तसं.

वडिलांची खोली तळमजल्यावर होती, मागच्या हिरवळीकडे तोंड केलेली. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला ते आठवत होते त्यापेक्षा खूपच लहान दिसले. कपाटावर चौकटीत एक फोटो होता: समुद्रकिनारा, लाल कोटातली एक बाई, आणि एक कुत्रा. आई आत गेल्या गेल्या आधी त्या फोटोपाशी थांबली. बराच वेळ पाहत राहिली.

"कोट चांगला आहे," ती म्हणाली.

वडिलांनी मान वळवली. "कोण?"

आई त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. "मी."

"कोण?"

त्यांनी तिला कधी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. 'अगं' म्हणायचे. तीही 'अहो' म्हणायची. त्यामुळे आता तिच्याकडे द्यायला 'मी'शिवाय काही नव्हतं. वडील तिच्याकडे निरखून पाहत होते. मग त्यांचा चेहरा जरा उजळला.

"बाई, तुम्ही शाळेतल्या का?"

"हो," आई म्हणाली.

"वाटलंच. तुमचं बोलणं स्वच्छ आहे. आमची मंडळीही शाळेत असते. नाशिकला."

मी दाराशी उभा होतो. मुलीने माझी बाही धरली.

"बरी असते का?" आईने विचारलं.

"असावी." त्यांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. "पत्र टाकायचं राहिलंय."

आईने खुर्ची जवळ ओढली. मग ती थोडी पुढे वाकली आणि हळदीकुंकवाला नाव घेताना म्हणतात त्या सुरात म्हणाली, "गोदेच्या पाण्यात सोडला द्रोणात दिवा..."

आणि थांबली. तिचा उखाणा मी लहानपणी शंभरदा ऐकलेला होता. त्याची पुढची ओळ साधी आहे: अमुकरावांचं नाव घेते, आशीर्वाद द्यावा. पण ती ओळ साऱ्या गल्लीला माहीत होती, तेव्हा ती खूण असणार नाही एवढं मला कळलं. आई त्यांच्या ओठांकडे पाहत होती. पुढची ओळ त्यांनी म्हणायची होती.

वडिलांनी खिडकीकडे पाहिलं. ट्रॉलीचा आवाज आला तसं दाराकडे पाहिलं. "चहा आला वाटतं," ते म्हणाले.

तिने ती ओळ पुन्हा एकदा म्हटली, या वेळी हळू. ते हसले. पाहुण्या बाईंना बरं वाटावं म्हणून हसावं तसं. मग चहा आला, आणि तिथे काम करणाऱ्या एका मुलीने येऊन त्यांच्या गळ्याभोवती रुमाल बांधला.

आई उठली. तिचं वाक्य ती आता म्हणेल असं मला वाटलं. कोट घालून, बटणं लावून ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पत्र टाका हो वेळेवर," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

"टाकतो, बाई," वडील म्हणाले.

गाडीत बसल्यावर तिने एवढंच सांगितलं की खूण पटली नाही. माझ्या बायकोने घरी विचारलं तेव्हाही तेच. ते तिचे यजमान नव्हेत असं तिचं म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं असं की ते अजून आलेले नाहीत. ती पुन्हा तिकडे गेली नाही. कुंकू होतं तसं राहिलं, मंगळसूत्र होतं तसं राहिलं.

मी मात्र शनिवारी जात राहिलो. तिथल्या लोकांना त्यांच्याशी बोलणारं कुणीतरी हवं होतं, आणि तो माणूस मी आहे हे नाकारता येत नव्हतं. ते मला कुठल्याशा ऑफिसातला साहेब समजायचे. नाशिकची गाडी कधी सुटते ते इथे कुणी सांगत नाही, अशी माझ्याकडे तक्रार करायचे. मी चौकशी करतो म्हणायचो. कोण, असं विचारत तेव्हा मी माझं नाव सांगायचो, आणि नाव चांगलं आहे, असं ते म्हणायचे. त्यांनीच ठेवलेलं होतं.

मुलीने तिचा निबंध लिहून दिला. सूड न्याय्य होता का, याचं उत्तर तिने काय दिलं ते मी वाचलं नाही. फक्त एकदा जेवताना ती म्हणाली की त्या गोष्टीत सगळ्यांचं नशीब चांगलं होतं, कारण राजाला सगळं आठवत होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका शनिवारी मी वडिलांना चाकाच्या खुर्चीतून हिरवळीवर नेलं. ऊन होतं, ते खुशीत होते, पायाने ठेका धरत होते. मी काही विशेष ठरवलेलं नव्हतं. बोलण्यासारखं काही सुचेना म्हणून मी ती ओळ म्हटली. गोदेच्या पाण्यात सोडला द्रोणात दिवा.

ठेका थांबला नाही. त्याच तालावर, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "दिवा जाऊ दे वाहून, मला काठावर ठेवा."

आणि हसले. ते हसू पाहुण्यांसाठीचं नव्हतं. तिथे दुसरी एक व्यक्ती असावी आणि फक्त तिलाच तो विनोद कळावा, असं होतं. मी पुन्हा म्हटलं, पण तेव्हा ते एका पक्ष्याकडे पाहत होते. पुन्हा एकदा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "कोण?"

ती ओळ विसरू नये म्हणून मी गाडीत बसल्याबरोबर पेट्रोलच्या पावतीमागे लिहून घेतली. घरी येईपर्यंत विचार करत होतो. सांगावं की सांगू नये, हा प्रश्न नव्हता, सांगणारच होतो. प्रश्न होता तो आई काय करील याचा. खूण पटली, तर ते घरी आलेले ठरणार होते. मग तिला तिचं वाक्य घेऊन पुन्हा त्या खुर्चीसमोर बसावं लागणार होतं, आणि ते तिच्याकडे पाहून पुन्हा 'बाई' म्हणणार होते.

आई मागच्या बागेत कपडे वाळत घालत होती. मी तिला काय झालं ते सांगितलं आणि ओळ म्हणून दाखवली.

तिच्या हातात माझा शर्ट होता. तो तसाच हातात राहिला.

"परत म्हण."

मी म्हटली.

"त्यांनी म्हटली तशी म्हण. 'काठावर' कसं म्हणाले?"

मी आठवून, त्यांच्या ठेक्यावर म्हटली. तिने ऐकून घेतलं. मग शर्टाचे खांदे झटकले, दोन चिमटे लावले, आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाली, "नाही रे. ही नव्हती."

"नक्की?"

"मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल?"

पडताळून पाहायला दुसरी प्रत असते ती इथे नव्हती. त्या खुणेचे दोनच साक्षीदार. एकाला आठवत नव्हतं आणि दुसरी नाही म्हणत होती. मी आत आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत होती. बादली रिकामी झाली होती तरी ती दोरीपाशीच उभी होती.

पानं गळायला लागली तेव्हा वडील गेले. निमोनिया झाला आणि दोन दिवसांत संपलं. फोन सकाळी आला. आई देवपूजेच्या तयारीत होती. मी तिला सांगितलं आणि विचारलं, आता आपल्याला काय काय करायला हवं.

"तू मुलगा आहेस, तुझं तू कर. माझं काही नाही," ती म्हणाली. "ज्याची खूण पटली नाही त्याचं सुतक कसलं?"

तिचा आवाज नेहमीचा होता. कुंकू जागेवर होतं. क्रिमेटोरियमला मी, बायको आणि मुलगी, आणि त्या होममधली फोनवर बोललेली बाई, एवढेच होतो. तिने तो फोटो आणला होता. तो कुणाला द्यायचा हे तिला कळत नव्हतं. मी घेतला. समुद्र, लाल कोट, कुत्रा. घरी आणून माझ्या कपाटात ठेवला. आईने तो मागितला नाही, आणि तो घरात आहे हे तिला ठाऊक होतं.

आमच्याकडे देव स्वयंपाकघरातल्या एका फळीवर आहेत. इतक्या वर्षांत आईचा तिथला दिवा चुकला नव्हता. ताप आला तरी उठून लावायची. दिव्याने वाजू नये म्हणून धुराचा अलार्मच आम्ही तिच्यासाठी जिन्यात हलवला होता. वडील गेल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहाला खाली आलो तर फळीवर दिवा नव्हता. देवांवर फूल नव्हतं. मी आईकडे पाहिलं.

"काडेपेटी संपलीय," ती म्हणाली. "दुकानात जाशील तेव्हा आण."

ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मी पावासाठी सुरी काढायला खण उघडला. भरलेली काडेपेटी तिथेच होती, समोरच, कुणालाही दिसेल अशी. मी खण लावून घेतला. दुकानातून काही आणलं नाही, आणि तिनेही आठवण केली नाही. दिवा त्यानंतर कित्येक दिवस लागला नाही. मग एका सकाळी होता. मधले दिवस मी मोजले नाहीत. त्या घरात ते मोजणारं माणूस एकच होतं.

त्या पहिल्या सकाळी मी खण लावला तेव्हा मुलगी टेबलापाशी टोस्ट खात होती. तिने काडेपेटी पाहिली होती. तिने फळीकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीच्या उघड्या दाराकडे.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे खून पटली होती ना आजीला?"

मी तिचा उच्चार सुधारला नाही. बाहेरच्या खोलीत आई होती. तिचे कान तिखट आहेत. एरवी तिने तिथूनच 'बाणातला' म्हणून आवाज दिला असता. त्या दिवशी तिकडून काही आलं नाही.